पवनचक्कीची बॅटरी कोण तपासतं? ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र शासन

स.न.वि.वि.

हिवाळी अधिवेशनाला सरकार नागपुरात आलं की विजेची चर्चा जवळच्या कोराडी-खापरखेडा या कोळशावरच्या वीज केंद्रांच्या राखेपासून सुरू होते आणि तिथेच संपते. पवनचक्क्यांचा विषय इथून कोण काढणार? आमच्याकडे वारा म्हणजे मे महिन्यातली लू. पण साताऱ्यातल्या वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावरच्या किंवा धुळ्यातल्या साक्रीकडच्या पवनचक्क्या एकाच झटक्यात ट्रिप झाल्या, म्हणजे आपोआप बंद पडल्या, तर तो खड्डा भरायला कोराडीच्या ६६० मेगावॉटच्या संचांकडेही बघावं लागणार. कोळशाचा संच काही मिनिटांत लोड उचलत नाही.

माझी नोकरी औष्णिक केंद्रात, इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये, म्हणजे मोजमापाच्या उपकरणांवर झाली. बॉयलर ड्रममधल्या पाण्याच्या पातळीला तीन ट्रान्समीटर (मोजून कळवणारी उपकरणं) असायचे, दोघांचं जुळेल ते खरं धरायचं. एक बिघडला तरी संच चालू राहतो, शिफ्टमध्ये तो बदलता येतो. मात्र तिघांच्या केबली एकाच ट्रेमधून नेल्या, तर एक उंदीर तिन्ही ट्रान्समीटर घालवतो. (हे निविदेत कधी दिसत नाही.)

पवनचक्कीचा खरा ब्रेक म्हणजे तिची पाती. ती साधारण ९० अंशांपर्यंत वळवली की वाऱ्याची पकड सुटते. इलेक्ट्रिक पिचच्या, म्हणजे पाती विजेच्या मोटरने वळवणाऱ्या यंत्रांत प्रत्येक पात्याला वेगळी मोटर आणि वेगळी बॅटरी किंवा सुपरकपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असतो. ग्रिड (वीजजाळं) गेलं तरी पाती वळावीत आणि एक अडकलं तरी बाकीच्या दोघांनी वेग आवरावा, ही त्यामागची योजना. पण बॅटरीचं रोजचं काम काही नसतं. ती कमजोर झाली तरी वीज तयार होत राहते आणि मासिक अहवालात अव्हेलेबिलिटी, म्हणजे यंत्र चालू स्थितीत असल्याचं प्रमाण, छान दिसते. नुसतं व्होल्टेज मोजून भागत नाही, कारण लोड नसताना थकलेली बॅटरीही बरी दिसते. खरा प्रकार कळतो तो भर वादळात, लाइन गेल्यावर. डेन्मार्कमध्ये हॉर्नस्लेटजवळ २२ फेब्रुवारी २००८ रोजी वादळात एका पवनचक्कीचा ब्रेक निकामी झाला, ती बेफाम फिरली आणि मोडून पडली. त्याचं चित्रीकरण जगाने पाहिलं.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जरा खुट्ट झालं की थांबणारी यंत्रणा सुरक्षित वाटते, पण ग्रिडला ती परवडत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात २८ सप्टेंबर २०१६ रोजी वादळात पारेषण मनोरे पडले, व्होल्टेज पाठोपाठ अनेकदा खाली गेलं. काही पवनऊर्जा केंद्रांच्या कंट्रोलमध्ये सेटिंग होतं की ठरावीक वेळात व्होल्टेज पडण्याचे अमुक इतके झटके बसले की उत्पादन कमी करायचं. एकेक झटका यंत्रांनी सोसला, पण मोजणी मर्यादेपलीकडे गेली. ४५६ मेगावॉट काही सेकंदांत गेले, शेजारच्या राज्याला जोडणारी लाइन ट्रिप झाली आणि अख्खं राज्य अंधारात. यंत्रं बिघडलेली नव्हती. ग्रिड चालवणाऱ्यांना त्या सेटिंगचा पत्ताच नव्हता. नंतर सेटिंग बदललं.

केंद्राने २०२३ मध्ये जुन्या पवनचक्क्यांच्या रिपॉवरिंगचं (जुन्या जागी नवी यंत्रं बसवण्याचं) आणि आयुर्मान वाढवण्याचं धोरण आणलं. साताऱ्याच्या पठारावर जुनी यंत्रं भरपूर आहेत, तेव्हा राज्याच्या अटी घालायची हीच वेळ. आयुर्मान वाढवून देताना फक्त मनोरा आणि पाती पाहू नका. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी, ग्रिडचा पुरवठा तोडून, प्रत्येक पातं एकेकटं बॅटरीवर वळवून दाखवायला लावा आणि किती सेकंद लागले ते नोंदवून घ्या. व्होल्टेज पडल्यावर यंत्र काय करतं, किती झटके सोसतं, याचं सेटिंग राज्याचं ग्रिड सांभाळणाऱ्या राज्य भार प्रेषण केंद्राला लेखी कळवल्याशिवाय जोडणी देऊ नका. परस्पर सॉफ्टवेअर बदललं तर तेही कळवायला हवं.

आणखी एक. ट्रिपच्या नोंदी कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये पडून असतात. कंपनीचं नाव झाकून त्या नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेला आणि राज्यातल्या तंत्रनिकेतनांना अभ्यासाला द्या. कंपन्या व्यापारी गुपिताचं कारण सांगतील. कुठला सेन्सर किती वेळा दगावला, यात कसलं आलंय गुपित?

या अधिवेशनात निदान बॅटरी चाचणीचं परिपत्रक निघावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंटेशन अभियंता, नागपूर