आन्सीहून पत्र

आन्सी, फ्रान्स
१३ जून

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल इथल्या ॲनिमेशन महोत्सवात, बॉनल्यू नाट्यगृहाच्या मोठ्या सभागृहात आपली फिल्म लागली. ‘आपली’च म्हणते, कारण पडद्यावर आजी होती, आपला जिना होता आणि २०१९ चा पूर होता. मे महिन्यात स्टुटगार्टला दाखवली तेव्हाही आनंद झाला होता, पण इथलं वेगळंच. हा महोत्सव १९६० पासूनचा, ॲनिमेशनवाल्यांची पंढरीच म्हणा ना!

इथे फिल्म सुरू होण्याआधी लोक कागदाची विमानं करून रंगमंचाकडे सोडतात. आई, तू भडंगाच्या पिशवीभोवती गुंडाळलेला पेपर मी जपून ठेवला होता. त्याचंच विमान केलं. चौथ्या रांगेत पडलं.

मग जिन्याचा शॉट आला. आजी एका पायरीवर दोन्ही पाय टेकवते, गुडघ्यावर हात ठेवते, दम घेते, मग पुढची पायरी. दुसऱ्या हातात पदराची ओटी आणि ओटीत देव्हाऱ्यातले देव. ४० सेकंदांचा शॉट, सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे ४८० चित्रं, सगळी हाताने काढलेली. मला शिकवणाऱ्या एकांनी तो निम्मा कर म्हणून सांगितलं होतं, लोक कंटाळतील म्हणे. मी नाही ऐकलं. पाणी वाढतंय म्हणून दुखरे गुडघे काही भरभर चढत नाहीत. काल तेवढा वेळ भरल्या सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. माझे हात मात्र गार पडले होते.

बाबा, पाण्याचा रंग तुम्ही सांगितलात तोच ठेवलाय, जास्त उकळलेल्या चहासारखा. गोदामातली हळद भिजली त्याची पिवळी रेघही आहे. आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, हे इथल्या लोकांना सांगितलं की ते आधी वर छताकडे बघतात.

आजीच्या ‘अगं बाई’ला इंग्रजी शब्द काही सापडला नाही. तिथे खाली काहीच लिहिलं नाही, तिच्या आवाजावरून कळतं.

गणपतीला येतेय. तेव्हा माडीवर चादर बांधून सगळ्यांना दाखवू. आजीला पुढे बसवायचं.

आणि एक काम कर आई. खेळानंतर एका जपानी बाईंनी विचारलं, सगळ्यात लहान देव ती शेवटी का उचलते? मला सांगता येईना. बाळकृष्ण तिने खरंच शेवटी घेतला होता की आधी, तेवढं आजीला विचारून कळव.

तुमची,
मनू