रात्री पाठ, सकाळी सपाट

सातारा

प्रिय मन्या,

परवा फोनवर वैतागलास, "रात्री दोनपर्यंत कलमं घोकली आणि सकाळी पाटी कोरी. वय झालं!" मी हसण्यावारी नेलं, पण वयाला दोष देणं काही पटलं नाही. चूक तुझ्या वेळापत्रकाची आहे रे.

हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने हा खटाटोप स्वतःवरच करून १८८५ साली छापला. अर्थ कळला की पाठांतर सोपं होतं, म्हणून या पठ्ठ्याने सुमारे २,३०० निरर्थक अक्षरतुकडे बनवले आणि टिकटिकीच्या ठेक्यावर त्यांच्या याद्या घोकत बसला. (घरच्यांचं काय झालं असेल!) बारा तुकड्यांची यादी त्याने एका दिवसात सलग ६८ वेळा म्हटली. तशाच याद्या तीन दिवसांत विभागून ३८ वेळा म्हटल्या. नंतर पुन्हा पाठ करताना विभागलेल्यांना काही जास्त कष्ट पडले नाहीत. म्हणजे तीस उजळण्या पाण्यात! प्रयोग एकट्या स्वतःवरचा, म्हणून मी जरा साशंक होतो; पण पुढे इतरांनाही हेच दिसलं.

मग मी सत्तावीस नक्षत्रं घेतली. एका बैठकीत घोकली. दुसऱ्या दिवशी अश्विनी, भरणी, कृत्तिका खडाखडा. शेवटची रेवतीही आली. मधे मात्र पूर्वा-उत्तरांच्या तीन जोड्या, फाल्गुनी, आषाढा, भाद्रपदा, एकमेकींत अडकल्या. यादीचं मधलं पोट नेहमीच ढिलं असतं. शेवट तर फसवाच. १९६६ साली ग्लान्झर आणि क्युनिट्झ यांनी यादी संपल्यावर लोकांना तीस सेकंद आकडे मोजायला लावले, तर शेवटच्या शब्दांचा फायदा पार गेला, सुरुवातीचे टिकले. तुला रात्री दोनला शेवटचं कलम लख्ख आठवतं ना, ते पाठ झालेलं नसतं, नुसतं ताजं असतं.

आजोबा दिवेलागणीला परवचा म्हणायला लावायचे, आठवतं? आपल्याला ती शिक्षा वाटायची. पण रोज थोडं, मधे पुरा एक दिवस. पावकी-निमकी मला अजून झोपेतही येते.

परीक्षेला तीन आठवडे आहेत. रोज वीस मिनिटं बस, पुस्तक मिटून आठव, आणि एखाद्या दिवशी सुरुवात मधल्या कलमापासून कर. रविवारी फोनवर विचारणार आहे. तू मला नक्षत्रं विचार. विशाखाच्या पुढे अजून अडखळतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या