सुमे, एकदा रक्त तपासून घे

पुणे,
१२ नोव्हेंबर

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू म्हणालीस, "माझ्यासारख्या जाड बाईला कसली आलीय जीवनसत्त्वांची नि लोहाची कमतरता?" आणि हसलीस. मला नाही हसू आलं. तू जिन्यावर धापा टाकतेस, रात्री तळपायांना मुंग्या येतात, हे सगळं डॉक्टरांना सांगितलंस आणि त्यांनी नुसतं "खाणं कमी करा" म्हणून परत पाठवलं. रक्त कोण तपासणार?

माझंच सांगते. गेल्या वर्षी वजन ८८ किलो आणि डी जीवनसत्त्व ९. ते निदान २० तरी हवं. रोज गच्चीत कपडे वाळत घालणारी मी, मला पटेचना. मग कळलं, हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं. अंगावर चरबी जास्त असली की तिथेच मुरून बसतं, रक्तात थोडंच उरतं. बारीक माणसाला पुरणारा डोस आपल्याला पुरत नाही, दुप्पट-तिप्पट लागू शकतो. पण तो डॉक्टरांनीच ठरवायचा, आपल्या मनाने गोळ्या वाढवायच्या नाहीत.

लोहाचं तर आणखी वेगळं. वाढलेल्या चरबीमुळे शरीरात आतल्या आत मंद दाह चालू राहतो. मग यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं आणि ते आतड्यातून लोह रक्तात नीट जाऊ देत नाही. म्हणजे मेथी-पालक खाऊनही तुझं हिमोग्लोबिन हलत नाही, त्यात तुझी काय चूक? शिवाय दाहामुळे फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारा रक्तातला आकडा, वाढतं, त्यामुळे रिपोर्ट चांगला दिसतो आणि लोह मात्र कमीच असतं.

आता त्या मुंग्या. तू त्या साखरेच्या खात्यावर टाकून मोकळी झालीस. पण तू शाकाहारी, त्यात सात वर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेतेस. ही गोळी दीर्घकाळ घेतली की बी-१२ नीट शोषलं जात नाही. गोळी बंद करू नकोस, फक्त बी-१२ तपासायला सांग. नसांचं नुकसान फार लांबलं की पुरतं भरून येत नाही, म्हणून माझी ही घाई.

आणि भावोजींनाही ने. "मी कुठे जाड आहे" म्हणतील. आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि एका ब्रिटिश डॉक्टर मित्राचा फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१ टक्के आणि मित्राच्या ९! आपण भारतीय काट्यावर बारीक दिसतो आणि चरबी पोटात साठवतो. म्हणून आपल्याकडे कंबर बायकांची ८० आणि पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत हवी म्हणतात. भावोजींच्या पँटचा पट्टा आठव.

एक मात्र खरं सांगते, या गोळ्यांनी वजन उतरत नाही आणि मधुमेह टळेलच असंही नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २,४०० हून अधिक लोकांवर चाचणी झाली. अर्ध्यांना रोज ४,००० युनिट डी दिलं, तरी त्यांच्यात मधुमेह लक्षणीय कमी झाला नाही. म्हणून वजन उतरवायची पावडर विकणाऱ्या त्या बाईला पैसे देऊ नकोस. कमतरता भरायची ती हाडांसाठी, नसांसाठी, अंगात चालण्याइतकी ताकद यावी म्हणून. माझी चार महिन्यांत पिंडऱ्यांची दुखणी थांबली आणि मग मी टेकडीवर जायला लागले.

रविवारी सकाळी सातच्या गाडीने नाशिकला येते. चहासुद्धा घेऊ नकोस, साखर तपासायला रक्त उपाशीपोटी द्यायचं आहे. लॅबमधून सरळ तुझ्याकडे, मग थालीपीठ मी लावते.

काकूंना नमस्कार.

तुझीच,
वंदू