फिल्टर दुरुस्त करायला आलो होतो

आदरणीय काका,

सा. न. तोंडावर बोलायला जमलं नाही, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय.

तुमच्या पाण्याच्या फिल्टरचं मेंब्रेन बदलताना मी झाकणावर तबल्याचा तीनतालातला कायदा (एक बंदिश) वाजवतोय, हे माझं मलाच कळलं नव्हतं. तुम्ही दारातून विचारलंत, "कुणाकडे शिकलात?" गिऱ्हाइकं मला एकच विचारतात, "दादा, किती वेळ लागेल?" मी ओशाळलो. शिकलोय, पण पोट यावर भरतं, असं काहीतरी पुटपुटलो.

तुम्ही कीव केली नाहीत. चहा टाकलात आणि अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लासची गोष्ट सांगितलीत. न्यूयॉर्कमध्ये तो एका घरी डिशवॉशर बसवत होता. घरमालक निघाले 'टाइम'चे कलासमीक्षक रॉबर्ट ह्यूज. ते चाटच पडले, तुम्ही इथं कसे? ग्लासचं उत्तर साधं होतं : डिशवॉशर बसवतोय, होईल एवढ्यात.

१९७६ मध्ये त्याचा 'आइनस्टाइन ऑन द बीच' हा ऑपेरा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या रंगमंचावर झाला, तोही हाउसफुल्ल. वर कर्ज झालं ते वेगळंच. गडी पुन्हा टॅक्सी चालवायला लागला. टॅक्सी सुटली तेव्हा वय एक्केचाळीस. मी आज एकोणचाळीस. हा हिशोब तुम्ही केला नाहीत, मी घरी जाताना सिग्नलला केला.

पण मला धरून ठेवलं ते पॅरिसच्या गोष्टीनं. रविशंकरांचं संगीत पाश्चात्त्य नोटेशनमध्ये उतरवताना ग्लास मापाच्या उभ्या रेघा मारायचा आणि भलत्याच ठिकाणी वजन पडायचं. रविशंकरांचे तबलजी अल्लारखाँसाहेब परत परत सांगत, सगळे स्वर सारखेच. शेवटी त्यानं रेघा खोडल्या, तेव्हा कुठे त्याला आवर्तन, म्हणजे फिरून समेवर येणारं तालाचं चक्र, दिसलं. आमच्या तबल्यानं त्याला वाट दाखवली म्हणा की!

मग तुम्ही ग्लासच्याच 'सत्याग्रह' या ऑपेराचा शेवट लावलात. दक्षिण आफ्रिकेतले गांधीजी, शब्द गीतेचे, संस्कृतच. खरं सांगतो, आधी वाटलं रेकॉर्ड अडकली. तीच चढती ओळ, पुन्हा, पुन्हा. मग कान लागला : रे, ग, ध, नी कोमल. भैरवीचेच स्वर! योगायोग असेल, पण मैफल संपतानाच भैरवी. मी पाना खाली ठेवला.

त्या रात्री दोन वर्षांनी डग्ग्याची खोळ काढली. मधली काळी शाई एका कडेला उडालीय, पुडी (वरचं कातडं) बदलावी लागेल.

पुढच्या महिन्यात तुमचा कार्बन फिल्टर बदलायचाय. त्या दिवशी तुमचं काम सगळ्यात शेवटी ठेवतो. 'सत्याग्रह'चे पहिले दोन अंक ऐकायचे राहिलेत.

आपला,
फिल्टरवाला