जुने गेम जपायला हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी न्यू जर्सीत राहते. १९९४ साली मुलाला घेऊन दिलेली ‘मायटी मॉर्फिन पॉवर रेंजर्स’ या टीव्ही मालिकेवरच्या व्हिडिओ गेमची कार्ट्रिज (सुपर निन्टेन्डो या गेमच्या यंत्रात बसवायची डबी) परवा माळ्यावर सापडली. खालच्या पिना काळवंडल्या होत्या. (फुंकर मारायची जुनी सवय मोडा, तोंडातल्या वाफेने पिना गंजतात.) आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाचा बोळा बुडवून त्या पुसल्या, तेव्हा कुठे गेम सुरू झाला.

खेळायला नातवाने ट्रिनी ही रेंजर निवडली. आधी ती साध्या कपड्यांत लढते, अर्ध्या वाटेवर पिवळा पोशाख चढवते. त्या क्षणी त्याचा बाप जसा टाळी वाजवायचा, तशीच नातवानेही वाजवली. मला भरून आलं.

पण हा गेम आज दुकानात नवा मिळत नाही. २०२३च्या एका अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१०पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आता बाजारात नाहीत. मालिकेवर बेतलेल्या गेमचे तर हक्कच अनेकांत वाटलेले असतात, त्यामुळे ते पुन्हा काढणं अवघड. सिनेमाच्या रिळांसारखे हेही ग्रंथालयांनी जपावेत आणि घरबसल्या अभ्यासायला द्यावेत. तुमच्या वाचकांच्या माळ्यावर अशी कार्ट्रिज असेल, तर कृपा करून ती रद्दीत देऊ नका.

– एक आजी, न्यू जर्सी