दाढीचा साबण बदलण्याआधी पाणी पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानदेशात मार्च लागला की दाढीनंतर गालांची आग, मानेवर पुरळ, पाते ओढल्यासारखे होणे अशा तक्रारी वाढतात आणि सगळा दोष साबणाच्या माथी जातो. मग वडी सोडून क्रीम, क्रीम सोडून फोमचा डबा, तोही सोडून ऑनलाइन मागवलेला महागडा परदेशी साबण. साबणांची तुलना जरूर करावी, पण ती आपल्या पाण्यात करावी. धरणाच्या पाण्यात सुरेख फेस देणारी वडी रावेर-यावलकडच्या खोल बोअरच्या पाण्यात नुसती फसफसते आणि मिनिटभरात बसते. वडी तीच असते, पाणी वेगळे असते.

जड पाणी म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले पाणी. ज्या पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही आणि गिझरच्या कॉइलवर पांढरे कवच चढते, ते हेच. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. ६०० चे पाणी लिटरमागे साधारण पावणेचार ग्रॅम साबण निकामी करते. एका दाढीच्या फेसात १५ मिलीलिटर पाणी जाते असे धरले, तर अर्ध्या ग्रॅम साबणातला दहावा हिस्सा तिथेच संपला. हे नुकसान थोडे वाटेल. पण निकामी झालेला तो साबण न विरघळणारा साका होतो, त्याचे कण बुडबुड्याच्या पापुद्र्यात शिरतात आणि उरलेला फेसही फोडतात. मगात ब्रश पुन्हा पुन्हा बुचकळत राहिले तर नुकसान दुपटीवर जाते.

आता साबणांविषयी. दाढीच्या साबणाचा जीव स्टिअरिक आम्लात, म्हणजे तेल-चरबीतल्या एका घट्ट घटकात असतो. दाट, न बसणारा, सायीसारखा फेस त्यामुळे येतो. अंघोळीच्या साबणात ते कमी असते. खोबरेल आणि पामच्या बियांच्या तेलामुळे त्याचा फेस झटपट फुगतो आणि तितक्याच झटपट जातो. म्हणून अंगाच्या साबणाने दाढी करणे मला अजिबात पटत नाही, मग त्या वेष्टनावर टीएफएम ७६ टक्के छापलेले असो की ८०. त्या आकड्यावरून साबणात एकूण स्निग्धांश किती हे कळते, कोणता हे कळत नाही. दुसरा फरक तेलाचा साबण करणाऱ्या अल्कलीचा. कॉस्टिक सोड्याचा साबण कडक होतो, कॉस्टिक पोटॅशचा मऊ आणि पाण्यात लवकर उतरणारा. चांगल्या दाढीच्या वडीत दोन्ही वापरतात, क्रीममध्ये मुख्यतः पोटॅश.

अमळनेरकरांना यातले निम्मे रसायन जवळचे वाटावे. १९४५ साली तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी उभी राहिली, जी पुढे विप्रो झाली. वनस्पती तूप आणि ७८७ नावाचा कपड्यांचा साबण हा तिचा माल. पातळ तेलात हायड्रोजन घालून ते थिजवायचे, म्हणजे त्यातल्या पातळ ओलिक आम्लाच्या काही भागाचे स्टिअरिक करायचे. वनस्पती तुपाला घट्ट करण्यात ज्याचा हात असतो, तेच दाढीच्या फेसाला उभे धरते.

त्यामुळे दुकानात वासावर न जाता घटकांची यादी वाचा. पहिल्या दोन-तीन नावांत स्टिअरिक ॲसिड किंवा पोटॅशियम स्टिअरेट असेल तर माल दाढीचा आहे. सुरुवातच सोडियम पामेट, सोडियम पाम कर्नलेट अशी असेल तर वडी गोल असली तरी आत अंघोळीचाच साबण आहे. यादीत शेवटी टेट्रासोडियम ईडीटीए दिसले तर आपल्याकडे ते फायद्याचे. ते कॅल्शियमला बांधून ठेवते. टॅलोएट म्हणजे प्राण्याची चरबी. तुर्कस्तानची अर्को काडी जड पाण्यातही बरा फेस देते, पण ती चरबीची असू शकते, शाकाहारी घरांनी वेष्टनावरची यादी आधी पाहावी. इटलीच्या हिरव्या प्रोरासोत मेंथॉल आणि निलगिरी आहे. त्याने थंड वाटते, मात्र कातडी थंड होत नाही, आणि ज्येष्ठातल्या घामात ते डोळ्यांत उतरले की चांगलेच झोंबते. फोमच्या डब्याबद्दल एवढेच, की फेस आयता मिळतो पण केस उभे करणारा ब्रश त्यात नाही.

फेस करण्याची रीत साबणाइतकीच महत्त्वाची. आधी तोंड धुऊन दोन-तीन मिनिटे दाढी ओली ठेवा. पाणी प्यालेला केस मऊ होतो. डुकराच्या केसांचा ब्रश तेवढा वेळ पाण्यात भिजवा, नायलॉनचा नुसता ओला केला तरी पुरे. ब्रश झटकून वडीवर पूर्ण ३० सेकंद फिरवा. बहुतेक जण दहा सेकंदांत उचलतात, चूक इथेच होते. जड पाण्यात ४५ सेकंद फिरवा. मग गालावर गोल फिरवत चार-पाच थेंब पाणी, पुन्हा फिरवणे, पुन्हा थेंब. घोटलेल्या दह्यासारखी चमक आली की थांबा. मोठे बुडबुडे दिसले तर साबण कमी पडला. फेस चुन्यासारखा कोरडा दिसला आणि पाते तुंबले तर पाणी कमी पडले. चिमटीत फेस धरून बोटे घासा, ती सरकली पाहिजेत. उन्हाळ्यात पंखा-कूलर बंद ठेवा आणि अर्ध्या चेहऱ्यालाच फेस लावा, नाहीतर दुसरा गाल पाते पोचेपर्यंत वाळतो.

जड पाण्यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे अर्धा लिटर आरओचे पाणी: निम्मे फेसाला, निम्मे शेवटच्या धुण्याला. शेवटी जड पाण्याने तोंड धुतले तर साक्याचा पातळ थर कातडीवर राहतो आणि खाज सुटते. आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारे पाणी मात्र घेऊ नका, त्यात क्षार आणखी दाटलेले असतात. पाणी दहा मिनिटे उकळून, निववून, तळाचा पांढरा गाळ न हलवता वरचे घेतले तर काही जडपणा उतरतो, सगळा नाही. तुरटी फिरवून गढूळपणा जातो, जडपणा जात नाही. तिचा खडा साबण पूर्ण धुतल्यावरच लावावा. पाण्यात लिंबू पिळण्याचा सल्ला तर साफ चुकीचा आहे. आम्लाने साबण दुधासारखा फाटतो.

संपादक महोदय, उन्हाळाभर आपण भुसावळ-जळगावच्या तापमानाची चौकट रोज छापता. तिच्याशेजारी तीन महिन्यांतून एकदा तालुक्यातील गावांच्या पाण्याचा जडपणा छापावा, ही कळकळीची विनंती. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना पाणी तपासणीचे किट आणि प्रशिक्षण दिले आहे, त्यात जडपणाची चाचणी असते. आकडा ग्रामपंचायतीकडे मागता येईल.

तोवर घरी पाहायचे तर पारदर्शक बाटली अर्धी भरा, दाढीच्या साबणाचा हरभऱ्याएवढा कीस टाकून जोरात हलवा. बोटभर फेस टिकला आणि खाली पाणी बरेचसे नितळ राहिले तर ठीक. पाणी दुधाळ होऊन वर साका तरंगला तर जड. भांड्यांचे लिक्विड वापरू नका, ते जड पाण्यातही फेसाळते आणि चाचणी फसते.

आपला,
एक वाचक, सावदा (जि. जळगाव)