सातबारा कोरा, जमीन पाण्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील समुद्रकिनारी जागा घेण्याविषयीचा लेख वाचला. सातबारा कोरा असला आणि मोजणी झालेली असली की व्यवहार निर्धोक समजावा, हा लेखकाने नाशिककरांना दिलेला सल्ला वाचून हसावे की रडावे ते कळेना.

आमची वडिलोपार्जित 14 गुंठे जागा रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्याला लागून आहे. आहे म्हणजे सातबाऱ्यावर आहे. समुद्राच्या अंगाचे सात माड गेल्या दहा-बारा पावसाळ्यांत मुळासकट गेले आणि हद्दीचा दगड आता ओहोटीलाच तेवढा दिसतो, तोही शेवाळलेला. तीन वर्षांपूर्वी रीतसर फी भरून हद्द कायम मोजणी मागितली, तर मोजणीदार साहेब नेमके ऐन भरतीला हजर झाले. पुतण्याने पाण्याकडे बोट दाखवून दगड दाखवला; साहेबांनी पायातले बूटही न काढता उरलेल्या जागेवर फक्की मारली आणि नकाशात जुनीच हद्द कायम केली. फी अर्थातच 14 गुंठ्यांची.

पुढे पदरच्या पैशाने धूप रोखणारा दगडी बांध घालू द्या, असा अर्ज केला, तेव्हा मात्र कायदा खडबडून जागा झाला. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे भरतीच्या खुणेखालचा समुद्राचा तळ शासनाचा, आणि त्या रेषेपासून आत 500 मीटरपर्यंत 1991 पासून सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरील बांधकामाला आवर घालणाऱ्या नियमांचे, निर्बंध, असे आम्हाला ऐकवण्यात आले. थोडक्यात, बांध घालायचा तर जागा सरकारची आणि शेतसारा भरायचा तर आमची! वाहून गेलेल्या जमिनीचा सारा कमी करून मिळण्याची सोयही त्याच महसूल संहितेत आहे. त्यासाठी केलेला आमचा अर्ज अजून कुठल्या टेबलावर आहे ते देव जाणे. रक्कम एका चहाची आहे हे मान्य, पण पावती आमच्या नावाने फाटते.

गोदाकाठच्या मंडळींना नदीकाठच्या बांधकामावर बंधने घालणाऱ्या निळ्या-लाल पूररेषांचा जाच ठाऊक आहेच. निदान त्या रेषा एकदा आखल्या की काही वर्षे जागेवर राहतात. भरतीची रेषा वर सरकते आणि तिच्यामागोमाग मालकीही जाते, याचा लेखात अवाक्षरानेही उल्लेख नाही. ‘समुद्रापासून दहा पावलांवर’ या शब्दांचे लेखकाला भारी कौतुक दिसते. माझ्या लहानपणी आमची जागा दीडशे पावलांवर होती.

त्याच पानावर खाली किनाऱ्यालगतच्या प्लॉटविक्रीची अर्धे पान जाहिरात होती, हा निव्वळ योगायोग असावा असे मी धरून चालतो.

आपला,
एक जुना वर्गणीदार
गंगापूर रोड, नाशिक